बिनखटक्याची वायर

आक्का सकाळी पावणेसातला आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "लाव."

"अहो, आत तर या. चहा टाकते."

"च्या मागनं. आधी लाव."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. महाळुंग्यात लेकाकडे राहतात. लेकाची कंपनी भोसरीला, पहिली पाळी, त्यामुळे मोशीचं आमचं घर त्याच्या वाटेतच पडतं. त्यानं गाडीवरून आईला खाली सोडलं, "मामी, साडेतीनला सुटतो, चारपर्यंत न्यायला येतो," असं जिन्यातूनच ओरडून सांगितलं आणि गेला. म्हणजे माझ्या हातात चारपर्यंतचा वेळ होता. एवढ्या वेळात मी लाइनवर शंभर वायरिंग तपासून पुढं ढकलली असती. टीव्हीला एक वायर जोडायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं. मला असं फार वाटतं.

आक्कांच्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध डाग पडलाय. समोर बघितलं की माणसाचं तोंडच पुसल्यासारखं होतं, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून त्या कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. मोठं असेल आणि जवळ असेल तर अजून कळतं. टीव्हीपासून दोन हातांवर बसून मालिका बघतात, नट्यांच्या साड्यांना नावं ठेवतात. पण डॉक्टरांनी सांगितलंय, आहे ते जपा, पुढच्या वर्षाचं काही सांगत नाही.

ते ऐकून आल्यावर आक्कांनी एकच गोष्ट मागितली. "डोळं हायती तवर एकदा मालकांचं तोंड बघायचंय मला."

मालक म्हणजे आमचे दाजी. काविळीनं गेले तेव्हा त्यांचा लेक तीन वर्षांचा होता. त्यांचा एकच फोटो आहे, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. त्यात ते चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. आक्कांना तो फोटो आवडत नाही. "असं न्हवतं त्यांचं तोंड," म्हणतात, आणि कपाटात उलटा ठेवतात.

पण माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. त्या लग्नात दाजी होते. आणि गेली तीस वर्षं, दाजींचा विषय निघाला की मी छातीवर हात ठेवून सांगत आले होते, "अहो आक्का, दाजी कॅसेटभर आहेत!" मी ती कॅसेट बघितली होती एकदा, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर, तीही पोरांना वरणभात भरवता भरवता. आक्कांनी कधीच बघितली नव्हती. तेव्हा माणूसच घरात होता, त्याची कॅसेट कशाला बघायची? आणि पुढं माणूस गेला तेव्हा ती कॅसेट दिराच्या माळ्यावर कुठंतरी हरवली होती. यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा सापडली. माझ्या सुनेनं ती चिंचवडच्या एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली.

तर त्या दिवशी तो पेन ड्राइव्ह मी आधी सरळ टीव्हीलाच लावला. टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही. मी काढून परत लावला. चालत नाही. पदराला पुसून लावला. टीव्ही आपल्या म्हणण्यावर ठाम. मग कॉम्प्युटरला लावला, तर तिथं लगेच चालू झाला, मांडव, गर्दी, पांढऱ्या साड्या, सगळं. पण आमचा कॉम्प्युटर जुना, पडदा लहान, आणि त्यातलं जुनं चित्र त्याहून लहान. आक्कांनी काचेला नाक लावलं. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"पांढरं दिसतंय," म्हणाल्या. "बगळं हायती व्हय गं?"

"वऱ्हाडी आहेत आक्का."

"मग मोठ्यावर लाव की."

मोठ्यावर, म्हणजे भिंतीवरच्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर. त्यासाठी कॉम्प्युटरमधून टीव्हीत वायर न्यायची. वायर सुनेनं आदल्या दिवशीच आणून ठेवली होती आणि फ्रिजवर एक कागदही चिकटवला होता. सून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे ती घरात कागद लावते तोही मशिनवर लावतात तसा. पहिलं, वायर दोन्हीकडं लावा. दुसरं, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून एचडीएमआय दोन. तिसरं, विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून डुप्लिकेट. खाली रेघ मारून: आई, एवढंच करा, जास्त काही करू नका.

शेवटची ओळ वाचून मी कागद तिथंच ठेवला. मला शिकवते! अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी वायरी जोडतेय.

हे खरंच आहे. भोसरीच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते. लांबच लांब फळ्या, त्यावर खिळे, खिळ्यांतून वायरी फिरवायच्या, टोकाला प्लॅस्टिकचे कनेक्टर लावायचे. पहिल्याच दिवशी सुपरवायझर बाईंनी तीन शब्द शिकवले: लाव, खट, ओढ. वायर कनेक्टरच्या घरात लावायची, खट आवाज यायलाच पाहिजे, आणि मग हलकेच मागं ओढून बघायची. निघाली तर बसली नव्हती. न ओढता पुढं ढकललेली वायर म्हणजे पाप. दहा वर्षांनी मला शेवटच्या तपासणीवर बसवलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली. मी सगळ्यांच्या वायरी ओढायला लागले. घरी मिक्सरची, इस्त्रीची, शेजारणीच्या टेबलफॅनची. कुणाकडं हळदीकुंकवाला गेले तरी आधी भिंतीचा प्लग ओढून बघायची. लाइनवरच्या बायका मागून मला 'ओढबाई' म्हणायच्या. मला ते कळलं तेव्हा मी चिडायच्या ऐवजी खूश झाले होते, इतकी मी बिनडोक. ती ओढबाई आज समोरून आली तर मी ओळखही देणार नाही.

तर वायर. पहिली अडचण म्हणजे ती आखूड. कॉम्प्युटर खिडकीशी, टीव्ही समोरच्या भिंतीला. मग टेबल सरकवायचं ठरलं. मी एका बाजूनं आणि आमचे हे दुसऱ्या बाजूनं. ह्यांनी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांपाशी, पस्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना कान तिथंच ठेवून आले. मी म्हटलं "उचला", ह्यांनी ढकललं. मी म्हटलं "थांबा", ह्यांनी उचललं. कॉम्प्युटरचा डबा, पडदा, दोन बारके स्पीकर, त्यांच्या वायरी, सगळी वरात घेऊन आम्ही टीव्हीखाली पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

टीव्ही भिंतीला इतका चिकटवून बसवलाय की मागं हात जात नाही. ज्या माणसानं बसवला त्याला बहुतेक वाटलं असेल, परत कुणी मागं बघणार नाही. मी स्टुलावर चढून गाल भिंतीला लावला आणि बोटांनी चाचपत भोक शोधलं. वायर आत सरकवली.

खट झालं नाही.

उलटी करून बघितली. जात नाही. परत सुलटी केली, गेली. खट नाही. अजून दाबली. हा कसला कनेक्टर, ज्याला खटकाच नाही? आमच्या लाइनवर असला माल आला असता तर मी आख्खं खोकं परत पाठवलं असतं.

"झालं का?" आक्का.

"झालं. खेचून बघते."

खेचून बघितलं. टीव्हीवर 'नो सिग्नल' असं लिहून आलं आणि ती पाटी इकडून तिकडं फिरायला लागली, मला चिडवल्यासारखी.

मग रिमोटचा घोळ. आमच्याकडं दोन रिमोट, एक टीव्हीचा, एक सेट-टॉपच्या डब्याचा, दोन्ही काळे. ह्यांनी डब्याच्या रिमोटवर सोर्स शोधला. त्यावर सोर्स नाही. मी टीव्हीच्या रिमोटवर शोधला, तर त्या बटणावरची अक्षरं पुसली गेली होती. मी एकेक दाबत गेले. भाषा बदलली. आवाज बंद झाला. एकदा टीव्हीनं आमच्याकडं पासवर्ड मागितला. शेवटी एक यादी आली, तिच्यात एचडीएमआय एक, एचडीएमआय दोन. एक दाबलं तर डब्याच्या बातम्या लागल्या. दोन दाबलं आणि मी पुन्हा स्टुलावर चढून वायर आत रेटली.

टीव्ही उजळला.

"आलं! आलं!" मी ओरडले. "थांबा, खेचून बघते."

नो सिग्नल.

हे असं किती वेळा झालं सांगू? मी वायर बदलून बघितली, म्हणजे या टोकाची त्या टोकाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टीव्ही बंद करून चालू केला. मुख्य बटण बंद करून शंभर आकडे मोजले, कारण शेजारच्या बाई म्हणाल्या असं करतात. ह्यांनी वायरीच्या टोकात फुंकर मारली, मग मी मारली. प्रत्येक वेळी टीव्ही क्षणभर उजळायचा, मी देवाचे आभार मानल्यासारखा श्वास सोडायची, आणि परत अंधार. साडेअकरा झाले. घाम पाठीवरून ओघळत होता. मी वायरीला, टीव्हीला, ती बनवणाऱ्या कंपनीला, तिच्या तपासणीवर बसलेल्या बाईला, जी बहुतेक झोपली असेल, सगळ्यांना शिव्या देत होते. हे म्हणाले, "तू तर फायनल इन्स्पेक्शनची ना?" आणि ते ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं.

आक्का खुर्चीत बसून होत्या. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या.

"तू काय करतीस मला दिसत न्हाई," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "पण ऐकू येतंय. आदी तू म्हनतीस आलं. मग म्हनतीस खेचून बघते. आन् मग शिव्या देतीस."

"बरं मग?"

"मधलं काढून टाक."

मी स्टुलावर तशीच उभी राहिले. वायर आत सरकवली. टीव्ही उजळला. माझा हात वायरीकडं गेला. दुसऱ्या हातानं मी तो धरला. खरंच धरला, लहान पोराचा धरतात तसा. टीव्ही उजळलेलाच राहिला.

बावीस वर्षं पगार घेतला मी त्या ओढण्यावर. ह्या वायरीला खटकाच नाही, अडकवायला काही नाही, ती नुसती टेकून राहते. हलकं ओढलं की निसटते. तिची काही चूक नव्हती. आक्कांना काही दिसत नाही आणि त्यांनीच दोष पकडला. मी खाली उतरले आणि कुणाकडं बघितलं नाही.

पण टीव्हीवर लग्न नव्हतं. निळं आकाश आणि हिरवी टेकडी होती. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला की मागं दिसतं ते चित्र. लग्न कॉम्प्युटरच्या लहान पडद्यावर चालू, आणि मोठ्यावर टेकडी.

"कुठं आलो आपण?" आक्का मान तिरकी करून. "माथेरान का?"

आता मला मुकाट्यानं फ्रिजवरचा कागद आणावा लागला. विंडोजचं बटण आणि पी. दाबलं. बाजूला चार पर्याय आले. पहिला, फक्त कॉम्प्युटर. दुसरा, डुप्लिकेट. तिसरा, एक्स्टेंड. चौथा, फक्त दुसरा पडदा. सुनेनं लिहिलं होतं डुप्लिकेट. मी विचार केला, ही पोरगी क्वालिटीत काम करते आणि डुप्लिकेट लिहिते? आमच्या पट्ट्यात डुप्लिकेट म्हणजे काय हे कुणालाही विचारा. डुप्लिकेट फिल्टर, डुप्लिकेट बेअरिंग, डब्यावर नाव खऱ्या कंपनीचं आणि आत कचरा. आयुष्यभर मी डुप्लिकेट पकडलं, आता स्वतःच्या हातानं निवडू? आणि एक्स्टेंड म्हणजे एक्स्टेन्शन बोर्डासारखं, इथली वीज तिथपर्यंत लांबवायची. तेच तर करायचं होतं! सुनेची घाईत चूक झाली असणार. मी एक्स्टेंड दाबलं. टेकडी. चौथा दाबला, तर लहान पडदा काळा झाला आणि माझी पाचावर धारण बसली, मोठ्यावर बघायच्या आधीच परत एक्स्टेंडवर आणलं. टेकडी. मग लग्नाची खिडकी माउसनं पकडून सरकवायला गेले, ती उजवीकडून अशी निघून गेली की कुठंच दिसेना.

सुनेला फोन लावायची सोय नाही. त्यांच्या कंपनीत मोबाइल गेटवर लॉकरमध्ये ठेवून आत जातात. साडेबाराला जेवायला सुटली तेव्हा तिनंच केला.

"आई, झालं ना?"

"टेकडी दिसतेय."

"डुप्लिकेट केलंत?"

"नाही. मी म्हटलं तुझी चूक झाली असेल. डुप्लिकेट कशाला घ्यायचं? ओरिजिनल असताना?"

मग ती हळूच म्हणाली, "आई, माझं जेवायचं राहिलंय. डुप्लिकेट म्हणजे इथं जे दिसतं तेच तिथं. दुसरं काही नाही. दाबा. प्लीज दाबा."

दाबलं. टेकडी गेली आणि टीव्हीभर माझ्या दिराचं लग्न आलं. हरवलेली खिडकीही कुठून तरी परत आली. सुनेनं "आलं?" विचारलं, मी "आलं" म्हटलं, तिनं फोन ठेवला. डुप्लिकेट या शब्दानं माझा तासभर खाल्ला. ताट वाढायचं राहिलं होतं, ते वाढलं. आक्का चार घास खाऊन खुर्ची टीव्हीच्या पुढ्यात ओढून बसल्या. आवाज मात्र टीव्हीतून येईना, कॉम्प्युटरच्या त्या दोन बारक्या स्पीकरमधूनच किरकिरत होता. म्हटलं असू दे, तोंड बघायचंय, आवाज काय करायचाय.

मग आम्ही दाजींना शोधायला लागलो.

शाळेच्या मैदानात मांडव. संध्याकाळ. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, बुद्धवंदनेला उभी राहिलेली माणसं. मी एकेकाचं सांगत होते, हे सासरे, ही मधली चुलतसासू, हा पोट सुटायच्या आधीचा दीर. आणि सगळीकडं, जिथं बघाल तिथं, एक बाई. तिशीतली, मनगटावर घड्याळ, आणि घड्याळ दिसावं म्हणून हात सारखा वर. वधू-वर बाजूला, ही मधे. फुलं उधळताना ही पुढं. कॅमेरा म्हाताऱ्यांकडं वळला की ही म्हाताऱ्यांच्या मागून मान काढते.

"ही कोन भवानी?" आक्का म्हणाल्या. "सारखी आडवी येतीया."

"मीच ती."

"व्हय? लई नटली हुतीस."

मी कॅसेटभर होते. दाजी नव्हते.

दोन वाजले. वंदना झाली, हार झाले, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या. मी पुढं पळवत होते, मागं आणत होते, थांबवत होते. प्रत्येक उंच माणसाशी मी थांबायची, "हे बघा—" म्हणायची, आणि तो दुसराच कुणीतरी निघायचा. आक्का आधी विचारत होत्या, मग विचारायच्या थांबल्या. मान तिरकी करून तेवढ्या बसून राहिल्या. त्या लग्नात त्या मागं चुलीवर होत्या, भाताच्या पातेल्यांत. नवरा दिवसभर कुठं होता हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. माझ्या शब्दावर त्या इतकी वर्षं विसंबून राहिल्या होत्या.

"न्हाईत का गं?" एकदाच म्हणाल्या.

"आहेत. मला नक्की आठवतंय. कॅमेऱ्यापाशीच असायचे सारखे."

आणि ते म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्यापाशी. कॅमेऱ्यासमोर नाही. व्हिडिओवाल्याचा हाताखालचा माणूस त्या दिवशी आलाच नव्हता, आणि तो मोठा हॅलोजनचा दिवा काठीवर धरून दाजी संध्याकाळभर त्याच्या बाजूला उभे होते. सगळ्यांच्या तोंडावर उजेड पाडत. म्हणूनच मला ते सगळीकडं आठवत होते. म्हणूनच ते कुठंच दिसणार नव्हते.

हे आक्कांना कसं सांगायचं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात टीव्ही काळा झाला.

"गेलं!" मी ताडकन उठले. "गेलं परत! काही म्हणता काही केलं नाही मी, हातसुद्धा लावला नाही—" आणि स्टुलाकडं धावले. हेही उठले, रिमोट घेऊन, डब्याचा.

"गप!" आक्का.

"अहो सिग्नल—"

"गप बस म्हनते ना!"

नो सिग्नलची पाटी आलीच नव्हती. नुसता अंधार होता. आणि त्या किरकिऱ्या स्पीकरमधून गलका ऐकू येत होता, लाइट गेली, लाइट गेली, आणि मग अगदी जवळून, कानाशी बोलावं तसा, एका पुरुषाचा आवाज:

"वहिनी! ओढलीत ना वायर? अहो हात नका लावू त्याला, कंपनी आहे का ही! मी धरलाय ना दिवा!"

आणि हसणं. मोठ्यानं नाही, नाकातून.

अंधार काही टीव्हीचा नव्हता. तो तीस वर्षांपूर्वीचा होता आणि मीच पाडला होता. घड्याळ मिरवत त्या बाईनं जाऊन हॅलोजनचा प्लग ओढून बघितला होता, बसलाय का नीट म्हणून. भर लग्नात.

उजेड परत आला. चित्राच्या उजव्या काठाला, फक्त काठाला, दुमडलेली बाही आणि एक कोपर दिसलं आणि गेलं. मला ते पहिल्यांदा दिसलंच नाही. कडेचं बघायची सवय आक्कांना.

"ते कोपर त्यांचं," त्या म्हणाल्या. "थांबव. मागं घे."

मी मागं घेतलं. अंधार, गलका, वहिनी ओढलीत ना वायर. कोपर. परत मागं. आक्का टीव्हीसमोरून उठल्या, चाचपत टेबलाशी आल्या आणि स्पीकरला कान लावून बसल्या. सकाळपासून मी मोठा पडदा, मोठा पडदा करत होते, आणि त्यांनी त्याच्याकडं बघणंच सोडलं.

"आक्का, थांबा, आवाज टीव्हीतून काढते, मोठा येईल. कागदावर नाही लिहिलेलं पण शोधते मी."

"काय नगं. हितनं बरा येतोय. जवळनं बोलत्यात." मग जरा घुश्शातच, "आमच्यावर जन्मात कधी वरडलं न्हाईत. आन् तुझ्यावर वरडल्यात बघ."

"मी तशीच होते."

"व्हय. तशीच हुतीस."

आम्ही तो तुकडा किती वेळा लावला मी मोजलं नाही. मला प्रत्येक वेळी त्या बाईच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती, आणि प्रत्येक वेळी कळत होतं की तिनं ती वायर ओढली नसती तर दाजी बोललेच नसते. ही गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नाही. आधीच ती कमी शेफारलेली नाही.

चारला भाचा आला. खांद्याला डब्याची पिशवी, हातात हेल्मेट. "चल आई," म्हणाला, "चाकण चौकात ट्रॅफिक होईल."

"बूट काढ," आक्का म्हणाल्या. "आन् हितं ये. तुझा बाप बोलतोय."

तो उभाच राहिला. तीन वर्षांचा होता, त्याला आवाज कुठला आठवायला? मग बूट काढले, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून टेबलाशी खाली बसला. मी लावलं. त्यानं ऐकलं. बोटानंच दाखवलं, परत. मी परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मामी, बाबा तुम्हाला झापतायत."

"झापतायत बाबा. चांगलेच."

आणि तो हसला. नाकातून हसला. आक्कांनी मान त्याच्याकडं तिरकी केली आणि तशीच ठेवली.

ह्यांना यातलं काहीच कळत नव्हतं. दिवसभर टेबलं ओढून, रिमोट शोधून दमलेला माणूस, आणि सगळे त्या एवढ्याशा स्पीकरभोवती गोळा झालेले.

"काय म्हणतायत दाजी?" त्यांनी विचारलं.

"वायर ओढू नका म्हणतायत!" मी कानाशी जाऊन ओरडले.

"कुणाला?"

"मला!"

"मोठ्यानं बोल."

"मला हो! मला म्हणतायत! वायरीला हात लावू नका म्हणतायत!"

"बरोबर आहे त्यांचं," हे म्हणाले. आणि खुर्ची सरकवून बहिणीच्या शेजारी, स्पीकरला गुडघा टेकेल इतक्या जवळ जाऊन बसले. ऐकू तर काहीच येणार नव्हतं.